टिंब आत, टिंब बाहेर

टिंबशेठना खरं नाव होतं. ते हजेरीपटावर होतं आणि घराच्या दारावर होतं, बाकी सगळीकडे ते टिंबशेठच. हे नाव त्यांना कोणी प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. पण त्यांनी ते बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं, आणि चेष्टेचं नाव माणसानं मानानं मिरवायला सुरुवात केली की चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत होते.

पुलांची तपासणी करणाऱ्या एका मोठ्या खात्यात ते इंग्रजी अहवालांची प्रुफं तपासत. अभियंते पूल बघून यायचे, अहवाल लिहायचे, आणि तो छपाईला जायच्या आधी तळघरात उतरायचा. तळघरात दोन टेबलं, एक ट्यूब, जुन्या अहवालांचे गठ्ठे आणि छताला लागून एक आडवी खिडकी. ती बाहेरच्या फुटपाथच्या पातळीवर उघडत असल्यामुळे तिच्यातून माणसांचे फक्त बूट दिसत. एकतीस वर्षं टिंबशेठनी जग पाहिलं ते घोट्याखालचं. त्यांची तक्रार नव्हती. "चेहऱ्याकडे बघितलं की माणूस कोण याच्यात आपण अडकतो," ते म्हणत. "नाडी सुटलीय हे कळायला बूट पुरतात."

त्यांचा खरा प्रांत म्हणजे अवतरणचिन्हं. इंग्रजीत कुणाचं बोलणं जसंच्या तसं द्यायचं तर त्याच्या दोन्ही बाजूंना ती लावायची, एवढं शाळेत सगळेच शिकतात. पण बोलणं संपल्यावर येणारा स्वल्पविराम किंवा पूर्णविराम त्या बंद चिन्हाच्या आत बसवायचा की बाहेर, यावर समुद्राच्या दोन किनाऱ्यांवरची माणसं दोन प्रकारे वागतात. या खात्यानं 'आत' ठरवलं होतं. म्हणजे टिंबशेठनी ठरवलं होतं आणि खात्याला ते माहीत नव्हतं.

"टिंब आणि कॉमा आत," ते नव्या अभियंत्याला उभा ठेवून सांगत. "कोलन आणि सेमीकोलन बाहेर. प्रश्नचिन्ह ज्याचा प्रश्न त्याच्या घरात. बोलणाऱ्यानं विचारलं असेल तर आत, लिहिणाऱ्यानं विचारलं असेल तर बाहेर. बोलण्यात आणखी कुणाचं बोलणं आलं तर बाहेरचं चिन्ह दुहेरी, आतलं एकेरी. आणि एका जागी दोन टिंबं कधी नाहीत, माणूस कितीही मोठा असो."

"पण शेठ, वाक्य तर माझं आहे ना?"

"वाक्य तुमचं. टिंब खात्याचं."

अभियंता बिचारा सही करायचा. शेवटच्या प्रुफावर 'वाचले, बरोबर आहे' असं लिहून लिहिणाऱ्यानं आणि टिंबशेठनी अशा दोघांनी सही करायची, हा तळघराचा कायदा. सही झाल्यावर कोणी धावत आला, की अहो, तो आकडा चुकलाय, जरा थांबवा, तर टिंबशेठ खुर्चीतून उठतसुद्धा नसत. "सही आपलीच ना? मग सहीनंतर रडायचं नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं की वरच्या मजल्यावर लग्न ठरलेल्या माणसालाही लोक तेच ऐकवत.

आता त्यांची पद्धत. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रुफाच्या दोन फेऱ्या होत. पहिल्या फेरीत समोरच्या टेबलावरच्या बाई मूळ प्रत मोठ्यानं वाचत, तीही चिन्हांसकट: कोट उघडा, अमुकतमुक, कॉमा, कोट बंद. टिंबशेठ प्रुफावर नजर ठेवत. दुसरी फेरी त्यांची एकट्याची आणि उलटी. शेवटच्या पानाची शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची, असं करत शीर्षकापर्यंत. त्यासाठी त्यांनी एका पुठ्ठ्याला खाच पाडली होती. त्या खाचेतून एका वेळी एकच ओळ दिसे. "सरळ वाचलं की अर्थ लागतो," ते म्हणत, "आणि अर्थ लागला की डोळे झोपतात." एकतीस वर्षांत आपण तपासलेल्या एकाही अहवालात काय लिहिलंय हे आपल्याला ठाऊक नाही, हे ते छाती फुगवून सांगत. छाती तशी लहान होती, पण फुगायची.

या पद्धतीचे पराक्रमही होते. एका अहवालात, नदीवरचा जुना पूल तातडीनं बंद करावा असं लिहिलं होतं. टिंबशेठनी त्यात चौदा चुका पकडल्या, सही केली आणि पुढचे पाच महिने त्याच पुलावरून सायकलनं ये-जा केली. एक दिवस पुलाच्या तोंडाशी आडवा बांबू लागलेला पाहून पोलिसाशी हुज्जत घातली: "कुणी ठरवलं हे? काही लेखी आहे का?" लेखी होतं. खाली त्यांचीच सही होती. दुसऱ्या वेळी त्यांच्याच विभागाच्या जुन्या साहेबांची शोकसूचना छापायला आली. टिंबशेठनी तिच्यातला एक कॉमा आत ओढला, आणि दुसऱ्या दिवशी साहेब दिसत नाहीत म्हणून त्यांच्या खोलीबाहेर फाईल घेऊन तासभर बसून राहिले.

समोरच्या बाई बारा वर्षं तिथे होत्या. त्या टिंबशेठना दादा म्हणत आणि टिंबशेठ त्यांना नुसतंच बाई. बाईंना अर्थ लागायचा, त्यांचा नाइलाज होता. पहिल्या वर्षी त्या वाचता वाचता थांबून म्हणाल्या होत्या, "दादा, हे बघा काय लिहिलंय, खांबाला तडा गेलाय." टिंबशेठनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, तडा बघायला अभियंते आहेत. तुम्ही कोट बंद करायला विसरलात." तेव्हापासून बाई अर्थ गिळायला शिकल्या. बारा वर्षांत त्यांनी बरेच पूल गिळले.

घरी याहून वेगळं काही नव्हतं. बायको एका रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर घाबरलेल्या लोकांना जिना कुठे, लिफ्ट कुठे, तुमचे वडील कुठल्या मजल्यावर हे सांगून ती दमून घरी यायची आणि बोलायला लागायची. टिंबशेठ समोर बसून लक्षपूर्वक ऐकत. निदान तसं दिसे. खरं तर त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर हलत असे. अवतरणचिन्हाचा एक छोटा आकडा, एक टिंब, परत एक आकडा. आणि मध्येच खिशातली वही निघे.

"काय लिहिताय?"

"काही नाही, कामाचं आहे. तू बोल."

ती बोले. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिला वाटे, नवरा आपलं बोलणं लिहून ठेवतो, किती कौतुक. नंतर तिनं तसं समजायचं सोडून दिलं.

मुलगी नोकरीला लांबच्या शहरात गेली तेव्हा तिनं हौसेनं बाबांना इंग्रजीत पत्र लिहिलं, तीन पानी. ते आठ दिवसांत तिच्याकडे परत आलं, लाल पेन्सिलीत न्हालेलं. शेवटी शेरा होता: 'आशय ठीक. अवतरणचिन्हांकडे लक्ष दे.' त्यातला 'आशय ठीक' हा निव्वळ शिष्टाचार होता, कारण आशय त्यांनी पाहिलेलाच नव्हता. मुलीनं दुसरं पत्र पाठवलं, एका ओळीचं. तेही दुरुस्त होऊन गेलं. मग ती फक्त फोन करू लागली, तोही आईला.

तर या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती काही फार नव्हती. अठरा वर्षं खपून त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती: इंग्रजीत अवतरणचिन्हांसोबत विरामचिन्हं कशी वापरावीत. चौसष्ट पानं, एकेचाळीस नियम, प्रत्येक नियमाखाली उदाहरणं. ती खात्यानं छापावी आणि वर त्यांचं नाव असावं. एवढंच. इतरांच्या नावाखाली त्यांनी हजारो पानं निर्मळ केली होती, पण छापील कागदावर त्यांचं स्वतःचं नाव एकदाही आलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेवर आलं होतं, त्यात मुद्रणदोष होता.

जुन्या साहेबांनी पुस्तिका सहा वर्षं टेबलाच्या खणात ठेवली आणि ते वारले. त्यांच्या जागी आलेल्यांनी ती कपाटात ठेवली आणि ते बदलून गेले. टिंबशेठच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना नवे साहेब आले. नवे साहेब उत्साही होते. त्यांना जे जे महत्त्वाचं वाटे त्याला ते अवतरणचिन्हं लावत. त्यांच्या पहिल्याच परिपत्रकात सर्व कर्मचाऱ्यांचं "स्वागत" होतं, वेळ पाळणं "आवश्यक" होतं आणि जिन्यात थुंकायला "मनाई" होती. टिंबशेठच्या पुस्तिकेतला पहिला नियमच असा होता, की जोर देण्यासाठी ही चिन्हं लावू नयेत. लावली की शब्दाचा अर्थ उलटा होतो, म्हणजे तथाकथित स्वागत, म्हणायला मनाई. ते परिपत्रक हातात धरून टिंबशेठ वरच्या मजल्यावर चढले. बरोबर पुस्तिकेचं हस्तलिखित होतं.

साहेबांनी पाचेक पानं चाळली. "वा! हे तर फारच 'उपयुक्त' आहे," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत वाकवली. टिंबशेठना त्या बोटांची किळस आली, पण ते हसले. अठरा वर्षांचा प्रश्न होता.

"छापू या आपण, महिन्याभरात. छोटासा कार्यक्रमही करू."

टिंबशेठ खाली आले ते तरंगत. त्या आठवड्यात त्यांनी मेहुण्याला फोन केला. मेहुणा त्यांना वीस वर्षं 'आमचे फुलस्टॉप' म्हणत आला होता.

"पुस्तक येतंय माझं."

"कसलं?"

"इंग्रजीतलं."

"नाव कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं!"

"मग येतो आम्ही सगळे," मेहुणा म्हणाला. "बघायलाच पाहिजे."

बायकोनं रजा टाकली आणि त्यांच्यासाठी नवा शर्ट आणला. मुलीलाही तिनं कळवलं. मुलगी म्हणाली, "छान. त्यांना सांग, वाचीन मी. सरळ वाचीन."

पुस्तिकेचं प्रूफ तळघरात उतरलं. सुरुवातीची दोन पानं, म्हणजे शीर्षक आणि प्रस्तावना, साहेबांच्या कार्यालयातून टाइप होऊन आली होती. टिंबशेठनी पेन्सिलीला टोक केलं, पुठ्ठा झटकला.

"बाई, हे माझं पुस्तक आहे हे आपण विसरायचं. इतरांच्या प्रुफाला जो न्याय, तोच माझ्या. उलट जास्त कडक."

"बरं," बाई म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. पुस्तकाचं नाव वाचलं, त्याखालचा शब्द वाचला: लेखक, कोलन. आणि थांबल्या.

"दादा, इथे जरा बघा."

"काय? कोलन सुटलाय?"

"कोलन आहे. नाव बघा."

"स्पेलिंग चुकलंय?"

"नाही, स्पेलिंग बरोबर आहे. पण नाव—"

"मूळ प्रतीत आहे तेच प्रुफात आहे ना?"

"आहे तेच."

"मग आपलं काम झालं. पुढे."

बाईंनी चष्मा काढला. बारा वर्षांत त्यांनी वाचता वाचता चष्मा कधी काढला नव्हता. "दादा, एकदा तुम्ही स्वतः वाचा. तुमचं पुस्तक आहे म्हणून सांगते."

"माझं आहे म्हणूनच नको! स्वतःचं नाव शोधत बसलो तर माझ्यात आणि त्या अभियंत्यांत फरक काय राहिला? तुम्ही वाचायचं, मी बघायचं. अर्थात शिरू नका."

"शिरत नाही. सांगते फक्त."

"बाई!"

बाईंनी चष्मा परत लावला आणि प्रस्तावना वाचायला घेतली. प्रस्तावना साहेबांची होती. तीत लिहिलं होतं, की विरामचिन्हांची मला लहानपणापासून ओढ आहे आणि या विषयावर लिहावं असं कित्येक वर्षं मनात होतं. या कामी तळघरातील एका कर्मचाऱ्याची "मदत", तसेच कुटुंबीयांचा पाठिंबा लाभला. आता ही पुस्तिका प्रत्येक टेबलावर असल्यानं प्रुफांसाठी वेगळा विभाग ठेवण्याची गरज उरणार नाही आणि तिथल्या वाचक बाईंना पहिल्या मजल्यावर आवक-जावकच्या टेबलावर घेतलं जाईल.

शेवटचं वाक्य बाईंनी सावकाश वाचलं. पहिल्या मजल्यावर खिडक्या होत्या. खऱ्या, ज्यांतून माणसांचे चेहरे दिसतात अशा. त्या पुन्हा एकदा थांबल्या. समोरच्या माणसाकडे पाहिलं. तो पुठ्ठ्यावर वाकलेला होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या दिसत होत्या.

"दादा, शेवटचं विचारते. ऐकायचंय का काय लिहिलंय ते?"

"त्या 'मदत'नंतर कॉमा बाहेर आहे की आत?"

"बाहेर."

"बघा! एवढा मोठा साहेब, आणि कॉमा बाहेर!" टिंबशेठनी तो लाल पेन्सिलीनं आत ओढला, जसा आई उंबऱ्याबाहेर गेलेल्या पोराला ओढते तसा. "आणि मी 'मदत'ला चिन्हं लावू नका असं सुचवलं असतं, पण मूळ प्रत त्यांची आहे. त्यांची मर्जी. असेल कुणाची तरी तथाकथित मदत. चला."

दुसरी फेरी त्यांनी एकट्यानं केली, चौसष्टाव्या पानाच्या तळापासून. तीन दिवस लागले. शेवटी पुठ्ठ्याची खाच शीर्षकपानावर आली तेव्हा त्यांनी साहेबांचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं. साहेबांचं नाव खात्याच्या प्रत्येक प्रकाशनाच्या पहिल्या पानावर असतं. रोजच्या रस्त्यावरचा दिव्याचा खांब असतो तसं. त्यात चूक नव्हती. त्यांनी खाली लिहिलं, 'वाचले, बरोबर आहे', आणि सही केली. लिहिणाऱ्याच्या सहीची जागाही त्यांनीच भरली. साहजिकच होतं.

कार्यक्रम दुपारी तीनला, वरच्या सभागृहात. टिंबशेठ नव्या शर्टात पहिल्या रांगेत बसले, त्यांना तिथून उठवून तिसऱ्या रांगेत बसवण्यात आलं. शेजारी बायको, तिच्यापलीकडे मेहुणा सहकुटुंब. शिपायानं गठ्ठ्याची दोरी सोडली. साहेबांनी एक प्रत उचलून लोकांसमोर धरली आणि टाळ्या झाल्या. टिंबशेठनीही वाजवल्या. तिसऱ्या रांगेतून नाव वाचता येत नव्हतं.

मग प्रती वाटल्या. मेहुण्याला वाचायला चष्मा लागत नाही.

"अहो," तो म्हणाला, "हे नाव तर त्यांचं आहे."

"कुणाचं?"

"ते काय, बोटं वाकवतायत त्यांचं."

साहेब बोलत होते. टिंब हे दिसायला "लहान" असतं पण त्याचं "महत्त्व" मोठं असतं, असं काहीतरी. टिंबशेठनी मुखपृष्ठ पाहिलं. मग आतलं पान. मग परत मुखपृष्ठ. त्यांच्या खिशात पुठ्ठा होता. त्यांनी तो सवयीनं काढून पानावर ठेवला, तरी खाचेत साहेबच दिसले.

कार्यक्रम संपल्यावर ते साहेबांच्या सेक्रेटरीबाईंकडे गेले. सेक्रेटरीबाई अजिबात दुष्ट नव्हत्या, हीच अडचण होती. त्यांनी सांगितलं, की खात्याची सगळी प्रकाशनं प्रमुखांच्याच नावानं निघतात, तशी पद्धत आहे. पण कुणाची हरकत असेल तर ती प्रुफावर नोंदवता येते. त्यांनी फाईल काढली. "हे बघा, साहेबांनी मुद्दाम प्रूफ तुमच्याकडेच पाठवलं होतं. तुम्ही प्रस्तावनेत एक कॉमासुद्धा बदललाय, तो आम्ही घेतला. म्हणजे वाचलंत तुम्ही." आणि सहीवर बोट ठेवलं. दोन सह्या होत्या. दोन्ही त्यांच्याच, दोन्ही वळणदार.

दाराशी एक तरुण अभियंता उभा होता, ज्याच्या अहवालातला आकडा मागच्या वर्षी चुकीचाच छापला गेला होता. त्यानं फक्त भुवया उचलल्या.

तळघरात बाई आवराआवर करत होत्या. पाण्याची बाटली, उशीसारखी घडी घातलेली शाल, टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर.

"बाई, त्या दिवशी तुम्ही थांबला होतात. काय सांगत होतात?"

"काही नाही दादा," बाई कॅलेंडरची सुरळी करत म्हणाल्या. "चिन्हं सगळी बरोबर होती." आणि जिना चढून गेल्या. थोड्या वेळानं खिडकीतून त्यांच्या चपला घराच्या दिशेनं जाताना दिसल्या. त्या कुणाच्या आहेत हे टिंबशेठना ओळखू आलं नाही. बारा वर्षं त्या चपला टेबलाखाली समोरच होत्या.

घरी संध्याकाळी बायकोनं चहा टाकला नाही की कपडे बदलले नाहीत. ती पुस्तिका घेऊन खुर्चीत बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली. रुग्णालयात येणारी अर्धी कागदपत्रं इंग्रजीत असत, तिला ते सवयीचं होतं. टिंबशेठ पलंगाच्या कडेवर बसून राहिले. नव्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. काही वेळानं तिकडून आवाज आला. ती हसत होती. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"काय झालं?"

"नियम सातवा. स्वल्पविराम आत. उदाहरण: 'दूध उतू गेलं,' ती म्हणाली, 'आणि तुम्ही समोरच बसला होतात.'" तिनं मराठीत करून वाचलं. "हे मी बोललेय."

"असेल. उदाहरण हवं होतं."

"नियम बारावा. प्रश्नचिन्ह आत. 'मी काय म्हणाले?' तिनं विचारलं. हेही माझं." पान उलटलं. "नियम एकोणिसावा, बोलण्यात बोलणं. 'तुमची आई म्हणायची, "हा लहानपणीही असाच होता,"' ती म्हणाली. हेही मीच. सासूबाई आजारी होत्या तेव्हाचं. अहो, नियम तेवीस: 'पुरे!' हे कशाला म्हणाले होते ते सांगू? सांगतेच. तुमच्या वहीला म्हणाले होते."

ती पुढे वाचत राहिली. चिन्हं न उच्चारता, सलग. एकेचाळीस नियमांखाली अठरा वर्षांचं घर ओळीनं मांडलेलं होतं: करपलेलं, सांडलेलं, राहून गेलेलं, विचारलेलं आणि परत विचारलेलं. तारखा नव्हत्या. त्यांची गरजही नव्हती. टिंबशेठनी हे पुस्तक लिहिलं होतं आणि उलटं तपासलं होतं, पण या बाजूनं त्या बाजूला ते कधी ऐकलं नव्हतं.

"'तुम्ही ऐकत नाही,'" तिनं वाचलं. "नियम तीस."

"हे तू कधी म्हणालीस?" त्यांनी खरंच विचारलं.

"रोज."

ती उठली. पुस्तिका त्यांच्या मांडीवर ठेवली. "एक कळलं मला. उगाच तोंड पाडून बसलात. पुस्तकातलं बोलणं सगळं माझं. वर नाव त्यांचं. तुमचं काय गेलं? टिंबं होती, ती सगळी जागेवर आहेत." आणि स्वयंपाकघरात गेली.

उघड्या पानावर शेवटचा नियम होता. त्याखालचं उदाहरण बायकोचं नव्हतं. 'बाबा, मी आता पत्र लिहिणार नाही.' टिंब आत. पुस्तिकेत घालण्याआधी त्यांनी ते मुलीच्या एका ओळीच्या पत्रातून उतरवून घेतलं होतं. चांगलं, छोटं, स्वच्छ उदाहरण म्हणून.

टिंबशेठनी फोन उचलला. हा नंबर त्यांनी स्वतः कधी लावला नव्हता, तो बायकोच्या डायरीत शोधावा लागला. पलीकडे घंटी वाजली.

"हॅलो? आई?"

"मी आहे."

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. स्वयंपाकघरात आहे."

"मग? पुस्तक आलं का? नाव बघितलं का?"

त्यांनी तोंड उघडलं. डोक्यात एकेचाळीस नियम होते, आणि त्या प्रत्येकाखाली कुणाचं तरी बोलणं. स्वतःचं म्हणून एखादं वाक्य काढायला ते आत गेले, तर तिथे नियमांच्या पाट्या होत्या, माणूस नव्हता.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"दूध उतू गेलं," टिंबशेठ म्हणाले.

"काय?" मुलगी म्हणाली.

"कुठे?" बायको आतून ओरडली. "अजून तापवायलाच ठेवलं नाही!"